जुन्या पीसीवर कंपायलर मधातच क्रॅश होतो? नवीन कंपायलर टाकायच्या आधी हे करून पहा

मे महिन्यात भाचीचा फोन आला, मामा, कंपायलर परत बंद पडून राहिला, आता तं हॅलो वर्ल्डसुद्धा तीनदा केलं तं एकदा होते. पोरगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राळेगावकडच्या खेड्यात राहते, कॉलेजच्या लॅबमध्ये तिचा नंबर लागेपर्यंत शेवटच्या एसटीचा टाइम होते, म्हणून घरी प्रॅक्टिस करायला आम्ही तिला सेकंडहँड मशीन घेऊन दिली होती. कोअर टू ड्युओ, एक-एक जीबीच्या दोन डीडीआर-टू रॅम, विंडोज सेव्हन ३२ बिट, त्यावर कोडब्लॉक्स, म्हणजे सी अन् सी प्लस प्लसचा कोड लिहून कंपाइल करायचं सॉफ्टवेअर. तिने चार दिवसांत कोडब्लॉक्स तीनदा काढून परत टाकलं, मग डेव्ह सी प्लस प्लस टाकून पाहिलं, मग तालुक्याच्या एका दुकानात डबा नेला तं त्यांनी फॉरमॅट मारून दिला अन् सांगितलं मशीन जुनी झाली, नवीनच घ्या. फॉरमॅटनंतर दोन दिवस चाललं अन् परत तेच.

निघालं काय तं दोनपैकी एक रॅम खराब. म्हणजे कंपायलरचा काहीच दोष नव्हता, तिच्या कोडचाही नव्हता, अन् ती तिकडे आपल्याला प्रोग्रॅमिंग जमतच नाही असं समजून रडकुंडीला आली होती. आमच्या भागात कितीतरी पोट्टे अशाच मशीनवर शिकून राहिले, त्यांच्यापैकी एकाचेही असे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून जे जे करून पाह्यचं ते ज्या ओळीने करायला पाहिजे त्या ओळीने लिहून ठेवतो. कमांड मी उच्चारात लिहिल्या आहेत, फोनवर सांगतो तशा, टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये करायच्या.

आधी हे पहा की मेलं कोण

दहातल्या निम्म्या वेळा पोरं म्हणतात कंपायलर क्रॅश झाला अन् प्रत्यक्षात कंपायलरने आपलं काम बरोबर केलेलं असते, क्रॅश झालेला असतो त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम. विंडोजचा जो डबा येते ना, अमुक अमुक हॅज स्टॉप्ड वर्किंग, त्यातलं नाव वाचा. तिथं सीसीवन डॉट ईएक्सई किंवा सीसीवन-प्लस डॉट ईएक्सई असेल तं कंपायलर मेला. तिथं तुमच्याच फाइलचं नाव असेल, प्रॅक्टिकल५ डॉट ईएक्सई वगैरे, तं चूक तुमच्या कोडमध्ये आहे अन् हा लेख इथंच सोडून कोड पहा.

कोडब्लॉक्सच्या काळ्या खिडकीत शेवटी प्रोसेस रिटर्न्ड म्हणून एक मोठा आकडा येते, तोही तुमच्याच प्रोग्रॅमचा असतो. उणे १०७३७४१८१९ आलं म्हणजे प्रोग्रॅमने जी मेमरी त्याची नाही तिथं हात घातला, बहुतेक वेळा अॅरेच्या बाहेर गेला नाहीतर पॉइंटर रिकामा होता. उणे १०७३७४१५७१ म्हणजे स्टॅक भरला, फंक्शनच्या आतले व्हेरिएबल ज्यात राहतात ती जागा संपली. हे दुसरं जरा समजून घ्या, कारण यात जुन्या मशीनला फुकटचा दोष लागते. मेनच्या आत कोणी दहा लाखांचा इंटचा अॅरे घेतला तं तो ४ एमबी झाला, विंडोजवर मिनजीडब्ल्यूच्या (कोडब्लॉक्ससोबत येणारा कंपायलर) प्रोग्रॅमला स्टॅक मिळतो साधारण २ एमबी, लिनक्सवर नेहमी ८ एमबी असतो. म्हणून मित्राच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर तोच कोड चालते अन् तुमच्याकडे मरते, तुमची मशीन जुनी आहे म्हणून नाही. अॅरे मेनच्या बाहेर काढा किंवा व्हेक्टर वापरा, झालं.

एकाच जागी मरते की जागा बदलते

आता खरंच कंपायलर मरून राहिला असेल तं बाकी काही करायच्या आधी एक कागद-पेन घ्या. तीच फाइल, काहीही न बदलता, दहा वेळा कंपाइल करा अन् दरवेळी काय झालं ते लिहा: चाललं की मेलं, कोणत्या फाइलवर, कोणत्या लाइनवर, कोणता मेसेज. कंटाळा येते हे मला माहीत आहे, पण अख्ख्या शोधाची दिशा या दहा ओळींवर ठरते.

दहाच्या दहा वेळा त्याच लाइनवर, त्याच मेसेजने मेलं तं भानगड सॉफ्टवेअरची आहे. मेमरी कमी पडून राहिली, किंवा कंपायलर तुमच्या प्रोसेसरसाठी बनलेला नाही, किंवा क्वचित कंपायलरमध्येच बग आहे. पण कधी लाइन ४० वर, कधी स्वतः कंपायलरच्याच हेडर फाइलमध्ये, कधी चालूनच गेलं, असं होत असेल तं हार्डवेअर. तोच कोड, तोच कंपायलर, तोच इनपुट, मग उत्तर वेगवेगळं काहून येईल? लिनक्सवर जीसीसी कंपायलर (मिनजीडब्ल्यू म्हणजे त्याचंच विंडोजवरचं रूप) कधी कधी मेल्यावर स्वतःच परत तेच करून पाहतो अन् दुसऱ्या वेळी चाललं तं लिहून देतो की द बग इज नॉट रिप्रोड्युसिबल, सो इट इज लाइकली अ हार्डवेअर ऑर ओएस प्रॉब्लेम. हा मेसेज दिसला तं कागद-पेनाचीही गरज नाही, थेट रॅमकडे जा.

लोक विचारतात की बाकी सगळं तं चालते, पिक्चर चालते, गाणे चालतात, मग रॅम खराब कशी? याचं कारण असं की पिक्चरमध्ये एखादा बिट उलटा झाला तं पडद्यावर कुठंतरी एक ठिपका क्षणभर चुकीचा दिसेल, कोणाला कळतसुद्धा नाही. कंपायलर तुमच्या कोडचं मेमरीत झाड बनवते, हजारो फांद्या, अन् एक फांदी दुसरीला जोडलेली असते ती नुसत्या पत्त्याने. त्या पत्त्यातला एक बिट बदलला की तो भलत्याच गल्लीत शिरते अन् सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरते. लिनक्सवाल्या जुन्या लोकांना हे चांगलं माहीत आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करताना सिग्नल ११, म्हणजे हाच सेगमेंटेशन फॉल्ट, आला की आधी रॅम तपासा हा त्यांचा नव्वदच्या दशकापासूनचा सल्ला आहे.

रॅमच्या पक्क्या तपासणीला पेन ड्राइव्ह लागते, ती पुढं सांगतो, पण तो हाताशी नसेल तं आणखी एक सोपी परीक्षा आहे. तीन-चारशे एमबीची कोणतीही फाइल घ्या, अन् कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, स्पेस, डॅश हॅशफाइल, स्पेस, फाइलचं नाव असं टाका. लिनक्सवर एमडीफाइव्हसम. एक लांबलचक आकडा येईल. पाच-सात वेळा करा. एकदाही आकडा वेगळा आला तं हार्डवेअर खराब, यात वादच नाही. सगळे सारखे आले म्हणून मात्र रॅम चांगली आहे असं समजू नका, एवढ्यात ती पकडली गेली नाही एवढंच.

रॅम

मशीन शट डाउन करा, मग नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा, अंगातली स्टॅटिक जाते. रॅमच्या दोन्ही बाजूच्या पांढऱ्या क्लिपा बाहेर दाबल्या की पट्टी वर येते.

आता पट्टीचे ते सोनेरी दात उजेडात धरून पहा. भाचीच्या मशीनमधले दोन्ही पट्ट्यांचे दात काळपट पडले होते, एका कोपऱ्यात तं हिरवट डाग होता. याचं कारण पुढं सांगतो. पेन्सिलचा साधा पांढरा खोडरबर घ्या, शाईचा खरखरीत नको, तो सोन्याचा थर खरवडते. दात वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा, दोन्ही बाजूंनी. भुगा ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात. स्लॉटसुद्धा कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या, तिथंच तं धूळ दबून बसलेली असते. मग पट्टी दाबा, दोन्ही क्लिपा आपोआप टक्क करून लागल्या पाहिजेत. एका बाजूची लागली अन् दुसरी अर्धवट राहिली हे खूप ठिकाणी पाहिलं मी, मशीन चालू होते पण मग नाटकं करते.

खरं सांगतो, निम्म्या मशीन एवढ्यावरच सुधारतात. पण भाचीची नाही सुधारली. म्हणून एक पट्टी काढून ठेवली अन् एकट्या दुसरीवर दहा वेळा कंपाइल केलं: दहाही पास. मग तीच जागा, तोच स्लॉट, पहिली पट्टी लावली: दहातून चारदा मेलं. स्लॉट तोच ठेवणं महत्त्वाचं आहे बरं, नाहीतर पट्टी खराब की स्लॉट खराब हे कळत नाही. आता उलटं करा, चांगली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पहा. तिथं चालली म्हणजे स्लॉटही चांगला.

पक्की खात्री करायला मेमटेस्ट८६ प्लस, हे रॅम तपासायचंच सॉफ्टवेअर आहे. पेन ड्राइव्हवर टाकायचं अन् त्यावरून बूट करायचं, विंडोज मधात येतच नाही. बूट मेनूची की मशीनप्रमाणे बदलते, एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप. नवीन व्हर्जन २०२२ मध्ये आलं अन् ते जुन्या बायोसवरही (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) चालते अन् त्याच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयवरही. दोन जीबीला एक पास व्हायला तासभर धरून चला, अन् एका पासवर थांबू नका, तीन तरी होऊ द्या, काही पट्ट्या गरम झाल्यावरच चुकतात. लाइन जायचा भरवसा नसतो म्हणून रात्री लावून झोपा अन् सकाळी पहा. लाल रंगात एक जरी ओळ आली तं ती पट्टी गेली. एक एरर चालते असं काही नसते. पेन ड्राइव्ह नसेल तं विंडोज सेव्हनमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे, रनमध्ये एमडीशेड (एम-डी-एस-सी-एच-ई-डी) टाकलं की येते, पण मेमटेस्टएवढं बारीक पकडत नाही.

नवीन पट्टी लगेच मिळत नसेल तं चांगल्या एकाच पट्टीवर काम चालवा. एक जीबी चांगली रॅम दोन जीबी खोटारड्या रॅमपेक्षा कितीतरी बरी. अन् लिनक्स असेल तं ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) बॅडरॅम म्हणून सेटिंग आहे, मेमटेस्टने दाखवलेले खराब पत्ते त्यात दिले की लिनक्स तेवढी जागा वापरतच नाही. तात्पुरतं ठीक आहे.

ऊन, रुई अन् कूलर

रॅम पास झाली तं पुढचा प्रश्न: मरते कधी? पहाटे पाचला मस्त चालते अन् दुपारी दोनला दहा मिनिटांत मरते, असं असेल तं गरमी. आमच्याकडे नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ४५ च्या वर जाते, टिनाच्या छताखाली त्याच्याही वर, अन् प्रोसेसरचा पंखा काय करतो तं खोलीतली हवाच त्याच्यावर मारतो, ती हवाच तापलेली असेल तं तो तरी काय करणार. साधं टायपिंग करताना प्रोसेसर निवांत असतो, कंपाइल सुरू झालं की एकदम पूर्ण जोर लागते, म्हणून नेमकं कंपाइल करतानाच मशीन बंद पडते अन् नाव कंपायलरचं होते.

कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरचा पंखा पहा. कापसाचा भाग असेल, जवळ जिनिंग असेल किंवा घरातच कापूस भरून ठेवलेला असेल तं पंख्याच्या खाली, अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मधात, रुईची अक्षरशः गादी बनलेली असते. वरून पाहिलं तं पंखा फिरताना दिसते, हवा खाली जातच नाही. पंखा काढा, गादी चिमट्याने उचला, मग ब्रश मारा. ब्लोअर मारत असाल तं पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती बेफाम फिरून बेअरिंग खराब होते.

इंटेलच्या त्या काळातल्या हीटसिंकला (पंख्याखालची ती अॅल्युमिनियमची पाती) चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक हमखास निसटलेली असते. चारही एकेक करून हलवून पहा. एक जरी उचकटलेली असली तं हीटसिंक तिरपा बसते अन् प्रोसेसर तापतो. हीटसिंक काढलाच तं जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवीन थर्मल पेस्ट लावा, मुगाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. मग बायोसमध्ये जाऊन हार्डवेअर मॉनिटरमध्ये टेंपरेचर पहा, नुसतं बसल्या बसल्या ७० च्या वर दाखवत असेल तं अजून काम बाकी आहे.

अन् कूलर. हे मी मुद्दाम लिहितो कारण आपल्याकडे सगळेच करतात, मशीन गरम होते म्हणून कूलरच्या पुढ्यात ठेवतात. कूलरची हवा थंड असते पण ओली असते, कधी कधी बारीक थेंबही येतात, अन् आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते वाळ्याच्या ताट्यांवर जमलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतेच. भाचीच्या रॅमच्या दातांवरचा तो हिरवट डाग त्याचाच, माझं तं ठाम मत आहे, कारण डबा दोन उन्हाळे कूलरपासून हातभर अंतरावर होता. कूलर खोलीत चालू द्या, पण मशीन त्याच्या धारेत नको. साधा टेबल फॅन बाजूने लावा, कॅबिनेटचं एक झाकण काढून. उन्हाळ्यात मोठं कंपाइल पहाटेच करा.

लाइन अन् एसएमपीएस

संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते हे आपल्याला सांगायला नको, बल्ब पिवळा पडला की कळते. चांगला एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, १८० व्होल्टपर्यंत सांभाळून घेते, जुना झालेला नाही घेत. मशीन नेमकी त्याच वेळी मरत असेल तं स्टॅबिलायझर लावा. यूपीएस असेल पण बॅटरी गेलेली असेल तं त्याचा उपयोग एक्स्टेंशन बोर्डाएवढाच.

मल्टिमीटर असेल तं कंपाइल चालू असताना मोजा, रिकाम्या मशीनवर मोजून काही कळत नाही. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट पाहिजे, काळी वायर ग्राउंड. कंपाइल सुरू होताच पिवळी ११.४ च्या खाली गेली तं एसएमपीएस बदला. तो उघडून रिपेअर करत बसू नका, आत मोठे कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही शॉक देतात. आणखी एक, काही एसएमपीएसच्या मागे लाल छोटं स्विच असते, ११५ अन् २३०. ते कायम २३० वरच पाहिजे, व्होल्टेज कमी आहे म्हणून कोणी ११५ वर केलं तं आवाज होऊन जळते.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाजूचे गोल कॅपॅसिटर पहा. वरचं टोक सपाट पाहिजे. फुगलेलं असेल किंवा तपकिरी चिकट काही निघालं असेल तं तेच कारण, २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांना हा रोग फार होता. सोल्डरिंग येणाऱ्या मेकॅनिकला दाखवा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा अन् तेवढ्या किंवा जास्त व्होल्टेजचा टाकायचा. अन् कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तं घरात अर्थिंग नाही, ते आधी करून घ्या, कंपायलर राहू द्या बाजूला.

दरवेळी एकाच जागी मरते तेव्हा

इथून पुढं सॉफ्टवेअर. मेसेजमध्ये आउट ऑफ मेमरी, व्हर्च्युअल मेमरी एक्झॉस्टेड, किंवा लिनक्सवर नुसतं किल्ड असं दिसलं तं रॅम पुरली नाही. लिनक्सवर डीमेसेज (डी-एम-ई-एस-जी) टाकलं की आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस असं सीसीवन-प्लसचं नाव लिहिलेलं सापडते.

सगळ्यात आधी ब्राउझर बंद करा. यूट्यूबवर शिकवणी लावून बाजूला कंपाइल करणं एक-दोन जीबीच्या मशीनला झेपत नाही, व्हिडिओ मोबाइलवर पहा. मग कोडच्या वर बिट्स स्लॅश एसटीडीसी प्लस प्लस डॉट एच लिहिलं असेल तं काढा. त्या एका ओळीत सी प्लस प्लसची अख्खी लायब्ररी येते, लागणारं तेवढंच घ्या, आयओस्ट्रीम अन् व्हेक्टर लागत असेल तं तेवढंच, फरक लगेच दिसते. मेक (बऱ्याच फाइली एकदम कंपाइल करवून घेणारा प्रोग्रॅम) वापरत असाल अन् डॅश जे ४ दिलं असेल तं डॅश जे १ करा, चार कंपायलर एकदम चालवण्याएवढी ही मशीन नाही. डॅश ओ२ च्या जागी डॅश ओ० करा (यातला ओ तेवढा कॅपिटल, स्मॉल नाही), डॅश जी काढा, दोन्हीमुळे मेमरी वाचते. दोन-तीन हजार ओळींची एकच फाइल असेल तं तोडून चार करा.

मग स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की हार्डडिस्कची जागा रॅमसारखी वापरणं. विंडोजमध्ये माय कॉम्प्युटरची प्रॉपर्टी, अॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, त्यात व्हर्च्युअल मेमरी, तिथं ३००० ते ४००० एमबी द्या. लिनक्समध्ये डीडीने दोन जीबीची रिकामी फाइल बनवा, सीएचमॉड ६०० करा, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन, चारही सुडो लावून. हळू होईल पण मरणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, ३२ बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला २ जीबीच्या वर पत्ताच मिळत नाही, स्वॅप कितीही वाढवला तरी. तिथं फाइल तोडणं हाच उपाय.

जीसीसीत आणखी दोन सेटिंग आहेत, डॅश डॅश पॅराम जीजीसी-मिन-एक्सपांड अन् जीजीसी-मिन-हीपसाइझ. कंपायलर मेमरीतला कचरा कधी साफ करतो ते यावर ठरते. पहिल्याला १० अन् दुसऱ्याला ३२७६८ देऊन पहा, तो जास्त वेळा झाडू मारेल, वेळ थोडा जास्त घेईल अन् मेमरी कमी खाईल. दोन्ही शून्य देऊ नका, मग झाडूच मारत बसते, काम पुढं सरकत नाही.

इल्लीगल इन्स्ट्रक्शन, किंवा विंडोजवर उणे १०७३७४१७९५, असा मेसेज असेल तं गोष्ट वेगळी. तो कंपायलर किंवा प्रोग्रॅम नवीन प्रोसेसरची भाषा बोलतो अन् तुमच्या प्रोसेसरला ती येत नाही. पेंटियम थ्रीमध्ये एसएसई-टू नाही, ते पेंटियम फोरपासून आलं. एव्हीएक्स २०११ च्या सँडी ब्रिजपासून, म्हणजे कोअर टू ड्युओमध्ये नाहीच. लॅबच्या नव्या मशीनवर डॅश मार्च, बरोबरचं चिन्ह, नेटिव्ह असं देऊन (म्हणजे त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी) बनवलेली ईएक्सई घरी आणली की हेच होते, घरी परत कंपाइल करा. अन् कंपायलरच असा मरत असेल तं त्याचं जुनं व्हर्जन घ्या, दुसरा मार्ग नाही.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. सी ड्राइव्ह भरला असेल तं कंपायलरला टेंप फाइल लिहायला जागा नसते. विंडोजमध्ये युजरचं नाव मराठीत टाइप केलं असेल किंवा फोल्डरच्या नावात स्पेस असेल तं जुनं मिनजीडब्ल्यू गोंधळते, सी ड्राइव्हमध्ये सरळ कोड नावाचं फोल्डर बनवा. परमिशन डिनाइड, कॅनॉट ओपन आउटपुट फाइल असं आलं तं आधीचा प्रोग्रॅम अजून चालूच आहे किंवा अँटिव्हायरसने ईएक्सई पकडून ठेवली आहे. अन् मशीनची तारीख दरवेळी मागं जात असेल, मेक क्लॉक स्क्यूची तक्रार करत असेल, तं बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळते. हार्डडिस्क टकटक आवाज करत असेल तं बाकी सगळं सोडून आधी आपला कोड पेन ड्राइव्हवर घ्या.

एवढं करूनही एकाच ओळीवर इंटर्नल कंपायलर एरर येतच असेल, अन् तीच फाइल त्याच व्हर्जनने दुसऱ्या चांगल्या मशीनवरही मरत असेल, तं तुम्हाला खरा बग सापडला. जीसीसीवाले स्वतः मानतात की इनपुट कसंही असो, कंपायलरने मरायला नको. कोडमधून एकेक ओळ काढत जा, जोपर्यंत क्रॅश होत राहते तोपर्यंत, शेवटी पाच-दहा ओळी उरतील. त्या जराशा वेगळ्या पद्धतीने लिहिल्या की काम निघून जाते, अन् नवीन व्हर्जनमध्ये बहुधा दुरुस्तही झालेलं असते.

कोणत्या मशीनवर कोणता कंपायलर

विंडोज सेव्हन अन् एक-दोन जीबी असेल तं डेव्ह सी प्लस प्लस ५.११ हलकं पडते, त्यात जीसीसी ४.९.२ येते, सी प्लस प्लस ११ पर्यंतचं सगळं चालते, डिग्रीच्या सिलॅबसला पुरून उरते. कोडब्लॉक्स २०.०३ मध्ये जीसीसी ८.१ आहे, दोन जीबी असेल तं ते घ्या. नुसतं सी शिकायचं असेल तं टायनी सी कंपायलर पहा, एवढासा आहे अन् डोळ्याचं पातं लवायच्या आत कंपाइल करते.

काही कॉलेजांत अजून टर्बो सी आहे. तो १६ बिटचा, ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर जुनं डॉस चालवणारं सॉफ्टवेअर) घालून चालवतात. जुन्या मशीनवर डॉसबॉक्स अडकत असेल तं कंट्रोल एफ११ दाबून सायकल्स (त्याचा वेग) कमी करा, कंट्रोल एफ१२ ने वाढतात. परीक्षेपुरता ठीक आहे, पण घरी जीसीसीवरच शिका. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा असतो, ३२७६७ च्या पुढं गेला की उलटा फिरते, अन् पोरं दिवसभर चूक शोधत बसतात.

लिनक्स टाकायचं असेल अन् प्रोसेसर ३२ बिटच असेल तं डेबियन १२ पर्यंतच घ्या, १३ पासून त्यांनी ३२ बिट पीसीवर इन्स्टॉल करायची सोय बंद केली. कोअर टू ड्युओ मात्र ६४ बिट आहे, त्यावर विंडोज ३२ बिट टाकलेलं असलं तरीही, तिथं एखादं हलकं ६४ बिट लिनक्स चालते.

भाचीची मशीन सध्या एकाच जीबीवर आहे, ओल्या हवेपासून दूर, डेव्ह सी प्लस प्लस टाकून. तिचा लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट, अकरा फाइली, पहिल्यांदा पूर्ण कंपाइल व्हायला पाऊण मिनिट घेते, नंतर बदललेली फाइल तेवढीच होते. दुसरी चांगली पट्टी आली की लावू. अन् ती खराब पट्टी काढली तेव्हा तिच्यावर मार्करने मोठी फुली मारून ठेवली आहे, तुम्हीही मारा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी ड्रॉवरमधून काढून, अरे ही तं एक जीबी पडलेली आहे, म्हणून परत लावून देते.